पानातले विष आणि पोटातले सोबती

बकरी ईद जवळ आली की नेरूळमध्येही बकऱ्यासाठी पाला शोधणारी मुले दिसू लागतात. हाताला लागेल ती फांदी तोडून आणली जाते. बकरा सगळे खातो आणि सगळे पचवतो, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे.

गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. चारा आधी ते कुजवतात, मग जनावराला त्याचे पोषण मिळते. म्हणून पाल्यात विष असेल, तर पहिली गाठ या जिवाणूंशी पडते.

सुबाभळीचेच घ्या. १९७० च्या दशकात उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी या झाडाचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. घोड्याला असे चार कप्प्यांचे पोट नाही. सुबाभूळ खाऊन त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. गाईच्या पोटातले जिवाणू मिमोसिन मोडतात, पण त्यातून दुसरे द्रव्य तयार होते आणि ते थायरॉइड ग्रंथीला त्रास देते. भूक मंदावते, वजन घटते.

ऑस्ट्रेलियातली गुरे अशी आजारी पडत, हवाईमधल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत राहत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखले की फरक पोटातल्या जिवाणूंचा आहे. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजला आणि त्यांनाही विष पचू लागले. १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' असे नाव मिळाले.

पण हे सोबती नेहमीच तारतात असे नाही. कोवळ्या किंवा पावसाअभावी खुरटलेल्या ज्वारीत सायनाइड बांधलेल्या रूपात असते. पोटातले जिवाणू ते झपाट्याने मोकळे करतात आणि धडधाकट गाय काही वेळात कोसळते. फुलोऱ्याआधी ज्वारीत गुरे सोडू नयेत, असे जुने शेतकरी सांगतात ते यासाठीच.

घाणेरी, म्हणजे टणटणी, यकृतावर घाला घालते. मग पोटाची हालचाल थंडावते, खाल्लेला पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातून विष अंगात भिनत राहते. उन्हात कातडी सोलते. आणि कण्हेर? तिचे विष थेट हृदयावर जाते. थोडीशी पानेही जीव घेतात. तिथे जिवाणूंच्या भरवशावर राहता येत नाही. हीच कण्हेर आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बागांमध्ये शोभेसाठी लावलेली असते.

म्हणून घरात जनावर आणताना आम्हाला इतकेच सांगावेसे वाटते. ते आजवर काय खात होते, हे विकणाऱ्याला विचारा आणि तोच चारा सुरू ठेवा. नवा चारा थोडा थोडा मिसळत आठवडाभरात बदला. पोटातल्या जिवाणूंनाही सवयीला वेळ लागतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. लाडाने एकदम भात, पोळ्या किंवा धान्य घालू नका. जिवाणूंचा तोल बिघडून पोटात आम्ल वाढते आणि जनावर दगावू शकते. ओळख न पटलेली फांदी मुलांना तोडू देऊ नका. जनावराने रवंथ थांबवली, पोट फुगले, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवा आणि काय खाल्ले ते दाखवायला ती फांदी जपून ठेवा.

कुर्बानीचे जनावर निरोगी असावे, हे आपण खरेदी करताना दात आणि डोळे पाहून तपासतो. घरी आणल्यावर त्याच्या पोटाची काळजी घेणे हीही तीच जबाबदारी आहे. मुक्या जिवाला काय खायला घालायचे, हे शेवटी आपल्याच हातात असते.