फोटोंची गोधडी, कवितेचा टाका

हाना ह्योख हे नाव आपल्यापैकी फारच थोड्याजणींनी ऐकलं असेल. बाई जर्मनीतल्या गोथा गावच्या, जन्म १८८९ चा. धाकट्या बहिणीला सांभाळायला घरात कुणीतरी हवं, म्हणून पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. (हे काही फक्त आपल्याकडेच घडत नव्हतं बरं का!) पुढे त्या चित्रकला शिकल्या आणि १९१६ पासून दहा वर्षं बर्लिनच्या उल्श्टाइन प्रकाशनसंस्थेत नोकरीला होत्या. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने काढायचे! छापील मासिकांतलेच फोटो कात्रीनं कापून, एकमेकांत जोडून त्यांनी चित्रं केली. फोटोमोंताज या कलेच्या आरंभीच्या कलावंतांत आज त्यांचं नाव घेतात. १९४५ साली, महायुद्ध संपलं त्या वर्षी, त्यांनी एक चित्रपुस्तक केलं. पानाफुलांच्या, प्राण्यांच्या फोटोंचे तुकडे जोडून जगात नसलेले प्राणी घडवले आणि त्यांच्यासोबत स्वतःच गमतीदार कविता लिहिल्या.

मैत्रिणींनो, आपल्या हाती कात्रीऐवजी फोन आहे, एवढाच फरक. पण फोनमधलं ते चार चौकोनांचं तयार कोलाज म्हणजे मोंताज नव्हे. ते मिसळणाचं पाळं झालं, सगळं आपापल्या वाटीत. मोंताजमध्ये एक फोटो दुसऱ्यात मुरायला हवा.

निवड करताना तारीख नको, प्रसंग नको. भराभर फोटो सरकवत जायचं आणि डोळा जिथे थबकेल तो बाजूला काढायचा. का थबकला हे स्वतःला विचारू नका. पाचाच्या वर तुकडे नकोत. मूळ फोटोंच्या प्रती काढून त्यांवरच काम करा. हल्लीच्या बऱ्याच फोनांत माणसावर बोट दाबून धरलं की तो मागच्या पसाऱ्यातून सुटा होतो. तळाला काहीतरी शांत ठेवा, भिंत, आभाळ नाहीतर कापडाचा पोत. वरचा एखादा तुकडा थोडा पारदर्शक करून बघा.

आमच्या सासूबाई गेल्यावर लक्षात आलं, त्यांचा एकटीचा असा फोटोच घरात नाही. शोधलं तेव्हा वाढदिवसाच्या फोटोत ताटली पुढे करणारा नुसता हात सापडला. लग्नाच्या घोळक्यात मागे अर्धा चेहरा. गच्चीवर पापड घालताना पाठ. त्यांच्या इरकलीचा काठ उन्हात धरून फोटो काढला, तो तळाला घातला आणि त्यावर हे तिन्ही ठेवले. चेहरा अर्धाच राहिला. तो ओढूनताणून पुरा करायचा नाही, हे मात्र मी ठरवलं होतं.

आता कविता. फोटोत दिसतं ते पुन्हा शब्दांत सांगू नका. ‘राबणारे हात’, ‘मायेचा झरा’ असलं तर मुळीच नको. हात दिसताहेतच की! दिसत नाही ते लिहावं. मी लिहिलं :

‘बसा, वाढते’ म्हणालात.
तुम्ही केव्हा बसलात
ते फोटोवाल्यानंही पाहिलं नाही.

नणंदबाईंना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. चित्राबद्दल अवाक्षर नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “वहिनी, त्या हातातली बांगडी आता कुणाकडे आहे गं?”

ओळी चेहऱ्यावर छापू नका, मोकळी जागा बघा. अक्षर साधं, वेलबुट्टी नसलेलं. सहा बाय आठ इंचाची चांगली प्रत हवी तर चित्र निदान १८०० बाय २४०० पिक्सेलचं असावं. व्हॉट्सॲपनं पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्यातला बारकावा जातो. आणि चौकटीत घालण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं नावं अन् सन लिहा. आमच्याकडच्या एका जुन्या फोटोतल्या नऊवारीतल्या बाई कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.