संगीत नाटक मंडळ्या का मोडल्या? : मंदीचा काळ आणि कंपनीचा जमाखर्च

मराठी रंगभूमीच्या इतिहासाविषयीची पुस्तके वाचताना एक विधान आपल्याला वारंवार भेटते : बोलपट आला आणि संगीत नाटक संपले. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत गंधर्व, बलवंत व ललितकलादर्श या तिन्ही नामांकित मंडळ्या मोडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या, हे खरेच आहे. मात्र याच वर्षांत जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि नाट्येतिहासात या गोष्टीचा उल्लेख अनेकदा ओझरताच होतो. म्हणून येथे आपण प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडू. पैशाची टंचाई आली की गद्य नाटकाच्या आधी गाणारे नाटकच का बंद पडते?

प्रथम ‘बंद पडणे’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ पाहू. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रत्येक संगीत नाटकासाठी स्वतंत्र भांडवल उभे केले जाते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, जानेवारी २००९ या एकाच महिन्यात ‘हेअरस्प्रे’, ‘स्पॅमलॉट’, ‘स्प्रिंग अवेकनिंग’ अशी गाजलेली संगीत नाटके तेथे थांबली. पण थांबले ते एकेक नाटक. निर्माते पुढे दुसरे नाटक घेऊन उभे राहू शकत होते. आपल्याकडील मंडळीचे तसे नव्हते. ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ कधीच ‘बंद’ होत नसे; ते मंडळीच्या संचात कायम असे आणि मुक्कामागणिक पुन्हा उभे राही. त्यामुळे आर्थिक फटका बसला की तो एका नाटकावर न बसता सगळ्या मंडळीवर बसे. बंद पडे ती संस्थाच, आणि तिच्याबरोबर तिच्या संचातली सर्व नाटके.

बिऱ्हाड आणि त्याचा खर्च

नाटक मंडळी हे एक फिरते बिऱ्हाड होते. मालक किंवा भागीदार, पगारी नट, शिकाऊ मुले, वादक, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, गडी अशी सगळी माणसे एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत आणि सामानासह रेल्वेने गावोगाव जात. प्रयोग झाला नाही म्हणून त्या दिवशी कोणी उपाशी राहत नसे. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, तो हाच. उत्पन्न मात्र केवळ प्रयोगाच्या रात्री येई.

हा खर्च गद्य मंडळ्यांनाही होता. संगीत मंडळीला त्यावर आणखी एक भार वाहावा लागे. गाणारा नट घडवण्यासाठी वर्षानुवर्षे तालीम द्यावी लागते आणि तो घडला की त्याची किंमत वाढते. साथीदारांचेही तेच. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा यांच्यासारखे कलावंत होते. असे वादक ठेवायचे तर त्यांचा मान आणि पगार दोन्ही ठेवावे लागतात. आता विचार करा : टंचाई आली म्हणून काय कमी करता येईल? पडदा जुना चालेल, शालू आणखी एक वर्ष वापरता येईल. पण तबला अर्धा वाजवता येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगकलांची हीच अडचण सिद्धान्ताच्या रूपात मांडली. कारखान्यात यंत्राने माणसांचे श्रम वाचतात, परंतु चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनंतरही चौघांनीच वाजवावी लागते. इतर वस्तू तुलनेने स्वस्त होत जातात आणि जिवंत गाणे महाग होत जाते.

एक काल्पनिक हिशेब करून पाहा. मंडळीचा महिन्याचा खर्च शंभर रुपये आणि उत्पन्न एकशे दहा रुपये आहे, असे समजा. उत्पन्नात फक्त पाचव्या हिश्शाची घट झाली तरी ते अठ्ठ्याऐंशीवर येते आणि नफ्याची जागा कर्ज घेते. थिएटर चार पंचमांश भरलेले दिसते, टाळ्या पूर्वीइतक्याच पडतात, ‘वन्स मोअर’ही मिळतात, आणि तरीही मंडळी बुडत असते. गर्दीची वर्णने वाचून मंडळीच्या सुस्थितीचा निष्कर्ष काढू नये, तो यामुळेच.

प्रेक्षकाच्या खिशातून गेलेला पैसा

मंडळीच्या दौऱ्याची दिशा पिकावर आणि बाजारावर ठरे. पुणे-मुंबईबरोबरच वऱ्हाड-खानदेशची कापूसपट्टी, सोलापूर, बेळगाव, हुबळी आणि बडोदे-इंदूरसारखी संस्थाने हा तिचा प्रदेश. पेठेत कापसाचा पैसा खेळू लागला की तंबू किंवा थिएटर भरे. १९२९ नंतर नेमका हाच झरा आटला. शेतमालाचे भाव काही वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोखीतच द्यावे लागे. मुंबईत १९२८ च्या गिरणी संपापासूनच अस्वस्थता होती. मामा वरेरकरांचे गिरणी कामगारांच्या जीवनावरील ‘सोन्याचा कळस’ हे नाटक ललितकलादर्शने १९३२ मध्ये रंगभूमीवर आणले, ते याच वातावरणात. त्यात १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तिकिटावर करमणूक कर लागू झालेला होता.

मंदीचे वजन समजून घ्यायचे असेल तर गंधर्व मंडळीची दोन कर्जे शेजारी ठेवून पाहावीत. १९२० मध्ये खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ नाटक बालगंधर्वांनी अफाट खर्च करून उभे केले. मयसभेचा देखावा त्याची साक्ष होता. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात सापडली. बालगंधर्वांच्या व्यवहारशून्य उधळेपणाला येथे दोष दिला जातो, आणि तो अन्यायाचा म्हणता येणार नाही. पण ते कर्ज मंडळीने त्याच दशकात, प्रयोग करकरून फेडले. पुढच्या दशकात तोच नट होता, तेच गाणे होते, आणि स्वभावही तोच होता. १९३१ मध्ये आलेले ‘कान्होपात्रा’ तर त्यातील अभंगांमुळे अतिशय लोकप्रिय झाले. तरीही आर्थिक घडी सावरली नाही आणि १९३४-३५ च्या सुमारास मंडळीचे काम थांबवून बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. स्वभाव कायम असताना परिणाम बदलला असेल, तर त्याचे कारण स्वभावाबाहेर शोधावे लागते.

बोलपटाचे स्थान येथे येते. संगीत नाटकाचा सर्वांत महाग घटक गाणे, आणि बोलपटाने नेमके तेच काही आण्यांत विकायला काढले. गायक एकदाच गातो आणि त्याचे गाणे शंभर गावांत एकाच वेळी वाजते. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली. गंधर्व मंडळीच्या तीन संस्थापकांपैकी ते एक, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. थिएटरमालकांनाही मुक्कामाच्या मंडळीपेक्षा रोज दोन-तीन खेळ देणारा चित्रपट परवडू लागला आणि अनेक नाट्यगृहांची चित्रगृहे झाली. बलवंत संगीत मंडळीने सावरकरांचे ‘सन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये केले आणि तीनच वर्षांत तिचे चालक चित्रपटनिर्मितीकडे वळले. तेथेही त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. बापूराव पेंढारकरांच्या १९३७ मधील निधनानंतर ललितकलादर्शही थांबली. भालचंद्र पेंढारकरांनी ती पुढे पुन्हा उभी केली.

जमाखर्च आणि नाट्यरूप

साहित्याच्या विद्यार्थ्याने या हिशेबाकडे का पाहावे, हे आता स्पष्ट होईल. ‘शाकुंतल’मध्ये पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती आणि प्रयोग रात्रभर चाले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, तेव्हा पात्रे मोजकी होती, गाणी अगदी थोडी होती, आणि स्त्रीभूमिका स्त्रियाच करीत होत्या. या बदलाचे श्रेय आपण इब्सेनच्या प्रभावाला आणि वास्तववादाच्या ओढीला देतो. ते द्यायलाच हवे. हे नाटक मुळात ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून घेतलेले होते. पण कमी पात्रांचे, थोड्या गाण्यांचे नाटक मंदीच्या काळात परवडणारेही होते. नाट्यमन्वंतर स्वतः अल्पायुषी ठरले, ही गोष्ट मात्र विसरू नये : केवळ रूप बदलून हिशेब जमतोच असे नाही. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने १९४१ नंतर ते जमवले. ‘कुलवधू’सारख्या नाटकात गाणे राहिले, पण मोजके, आणि त्यामागे फार मोठ्या बिऱ्हाडाचा भार राहिला नाही. पुढे मासिक पगाराऐवजी ‘नाइट’ घेऊन काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रयोग नाही त्या दिवशीची काळजी मालकाकडून नटाकडे सरकली.

सरावासाठी : खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आणि रांगणेकरांचे ‘कुलवधू’ ही दोन्ही नाटके ग्रंथालयातून मिळवा. प्रत्येकातील पात्रे, स्थळे आणि पदे मोजा. त्यानंतर एका प्रयोगासाठी किमान किती माणसांना मुक्कामी न्यावे लागेल याचा अंदाज करा आणि दोन नाटकांतील फरकाचा किती भाग लेखकाच्या दृष्टीने व किती भाग या आकड्यांनी समजावता येतो, यावर दोनशे शब्दांत लिहा.