मासा बाधला की दारू चढली?

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या दवाखान्यात रात्री दहानंतर एक ठरावीक रुग्ण येतो. चेहरा आणि मान लालबुंद, डोळे तांबारलेले, छातीत धडधड, डोके ठणकते आहे, अंगावर पित्त उठले आहे. बरोबर घाबरलेली पत्नी आणि चार भाऊबंद. त्यातले वडीलधारे सांगतात, "डॉक्टरांनू, ह्येका बांगडो बाधलो." पत्नी हळूच म्हणते, "बांगडा कसला, दुपारपासून बाटली उघडी आहे." दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते.

असेच एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आले होते. त्याआधी मुंबईत त्यांना असाच त्रास झाला होता. तेव्हा "तुम्हाला माशांची ॲलर्जी आहे, यापुढे मासे बंद" असा सल्ला मिळाला होता. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हा सल्ला म्हणजे शिक्षाच. ती त्यांनी आठ महिने भोगली आणि गावी येताच मोडली. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. पंक्तीत आणखी कुणाला काही झाले का? बरोबर आलेल्या भावाने आपले कान दाखवले, तेही लाल होते. घरी राहिलेल्या मेहुण्याचे डोके दुखत होते. ॲलर्जी ज्याची त्याची असते, ती एका ताटातल्या तिघांना एकाच वेळी होत नाही. दोष माणसाच्या रक्तात नव्हता, बांगड्यात होता.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा गडद मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. त्याचा स्वतःचा काही त्रास नाही. पण मासा पकडल्यावर तो बर्फाविना उन्हात राहिला, की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू वाढतात व या हिस्टिडीनचे हिस्टामीन बनवतात. ॲलर्जीत आपले शरीर जे द्रव्य सोडते तेच हे, फक्त इथे ते ताटातून आयते पोटात जाते. म्हणून लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी. खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात ती सुरू होतात आणि बहुधा काही तासांत ओसरतात. काहींना खातानाच जिभेला मिरीसारखी चरचर जाणवते. पण तिखटाच्या सारात ती कुणाच्या लक्षात येणार?

यातली खरी अडचण अशी की एकदा तयार झालेले हिस्टामीन उष्णतेने नष्ट होत नाही. मासा तळा, उकळा, फ्रीजरमध्ये ठेवा, खारवून सुकवा, ते तसेच राहते. सोलकढीने ते उतरते हा समजही खरा नाही. सोलकढी जरूर प्यावी, पण ती औषध म्हणून नव्हे. वासावरूनही नेहमी कळत नाही. बांगडा कुजका लागण्याच्या कितीतरी आधी त्यात त्रासदायक प्रमाणात हिस्टामीन जमलेले असू शकते.

मग दारूचा संबंध काय? आपल्या आतड्यात हिस्टामीन मोडून टाकणारे एक विकर असते. सहसा थोडेफार हिस्टामीन ते परस्पर निकालात काढते. मद्य नेमके या विकराच्या कामात अडथळा आणते, शिवाय चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या स्वतःही रुंदावते. म्हणून त्याच ताटातले बांगडे खाऊन घरातल्या बायका धडधाकट राहतात आणि फेणी घेतलेले पुरुष लालबुंद होतात. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिड ही गोळीही या विकराला रोखते. क्षयाचा उपचार चालू असलेल्यांनी शिळा बांगडा किंवा कुपा खाऊन धडधड व डोकेदुखी झाली, तर औषध सोसत नाही असे समजून ते परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना मासळीचे सांगावे. आणि दारू तर त्या काळात यकृतासाठी पूर्ण वर्ज्यच.

उपचार साधा आहे. पित्तावरची, म्हणजे हिस्टामीनविरोधी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली की बरे वाटते. मात्र यातल्या जुन्या गोळ्या गुंगी आणतात आणि पोटात दारू असेल तर ती गुंगी दुप्पट होते. धाप लागणे, घसा आवळल्यासारखा होणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काही झाले तर घरी थांबू नये. खरी ॲलर्जीही असू शकते, आणि ती जीवघेणी असते. ती चिंगूळ, कुर्ल्या खाणाऱ्यांत विशेष दिसते.

टाळण्याचा उपाय एकच, बर्फ. आपल्या हवेत जितके वजन मासळीचे तितकेच बर्फाचे असावे. बाजारात टोपलीत दोन खडे बर्फाचे आणि वर ओले फडके असते, तो नुसता देखावा झाला. मासे घेतल्यावर नातेवाइकांकडे चहाला थांबायचे, गाडीच्या डिकीत पिशवी तापवायची आणि मग घरी जाऊन "ताजे आणले" म्हणायचे, हेही थांबले पाहिजे.

आता नवलाच्या माशांविषयी. पर्यटक वाढले तसे "काहीतरी वेगळे खिलवा" अशी फर्माईशही वाढली आहे. मोरी, पाकट, शिंगाळा हे आपल्याला नवीन नाहीत. पण एका माशापुढे हात जोडावेत, तो म्हणजे केंड. डिवचले की चेंडूसारखा फुगणारा, पोपटासारख्या चोचीने जाळी कुरतडणारा हा मासा आपले मच्छीमार बांधव फेकून देतात, ते उगाच नव्हे. याच्या यकृतात, गाबोळीत, आतड्यांत आणि बऱ्याच जातींत कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. एक-दोन मिलिग्रॅम विष माणसाला मारू शकते. शिजवून ते जात नाही. कातडी काढून तुकडे केले की ओळख पटणेही कठीण.

सप्टेंबर १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांचे जहाज पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाजवळ होते. तिथल्या एका रहिवाशाकडून घेतलेल्या माशाचे यकृत आणि गाबोळी कुक व दोन निसर्गशास्त्रज्ञांनी जेमतेम चाखली. पहाटे तिघांचेही हातपाय बधिर झाले. पाण्याने भरलेले भांडे आणि पक्ष्याचे पीस यांच्या वजनातला फरकही हाताला कळेनासा झाला, असे कुक यांनी रोजनिशीत नोंदवले आहे. ते वाचले, आतडी खाल्लेले डुक्कर सकाळी मेलेले आढळले. जपानात परवानाधारक आचारीच हा मासा रांधू शकतात. तरीही १९७५ मध्ये क्योतो शहरात बांदो मित्सुगोरो या नामवंत काबुकी नटाने हट्टाने यकृताच्या चार वाढी खाल्ल्या आणि त्यातच त्याचा अंत झाला.

हे विष मज्जातंतूंतून जाणारा संदेश अडवते. आधी ओठ व जीभ झिणझिणतात, मग बोटे. नंतर बोलणे अडखळते, चाल लटपटते, उलटी होते, हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. आता मैफलीतले दृश्य डोळ्यांसमोर आणा. जीभ जड, पाय वाकडे, उलटी. मित्र काय म्हणणार? "चढली याला. कोपऱ्यात निजवा, सकाळी उतरेल." मला धास्ती वाटते ती या वाक्याची. त्या माणसाला बोलता येत नसते, पण पुष्कळदा तो शुद्धीवर असतो आणि आपल्याला कोपऱ्यात निजवल्याचे ऐकतही असतो. या विषावर उतारा नाही, पण उपाय आहे. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवले आणि पहिले चोवीस तास निभावले, की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणजे जगणे-मरणे ठरते ते इस्पितळ गाठायला लागलेल्या वेळावर.

तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या सारानेही ओठ झिणझिणतात, हे तुम्ही म्हणालच. खरे आहे. पण ती झिणझिण ओठ-जिभेपुरती असते आणि थोड्याच वेळात जाते. बोटांच्या टोकांपर्यंत पसरत गेली तर ते तिरफळ नव्हे.

"चढली" या शब्दाचा दुसरा बळी मधुमेही. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतलेले, जेवण मासे तळून होईस्तोवर लांबलेले आणि रिकाम्या पोटी पेले चालू. उपाशीपोटी साखर टिकवण्याचे काम यकृत करते, आणि मद्य आले की ते काम मागे पडते. रक्तातली साखर घसरते. घाम, कंप, असंबद्ध बोलणे, चिडणे, झोकांड्या हे सारे दारूसारखेच दिसते. कधी कधी हा घोटाळा दुसऱ्या दिवशी पहाटे होतो. घरात साखर तपासण्याचे यंत्र असेल तर आधी बोट टोचून पाहा. गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, थेट इस्पितळात न्या.

दारूविषयी लिहायला बसलो की उपदेश होतो, म्हणून हिशेबच मांडतो. तीस मिलिलिटरच्या एका पेगात साधारण दहा ग्रॅम मद्यार्क असतो आणि तो जाळायला शरीराला तासभर तरी लागतो. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा माणूस पहाटे पाचला गाडी काढतो तेव्हा तो पूर्ण उतरलेला असेलच असे नाही. काजूच्या बोंडांची गोव्याची फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती दोनदा गाळलेली आणि व्हिस्कीइतकीच कडक. पहिल्या धारेचा हुर्राक त्या मानाने सौम्य, म्हणून लोक त्यात लिंबाचे सरबत, मीठ, हिरवी मिरची घालून पेलेच्या पेले रिचवतात. पण दोनशे मिलिलिटर हुर्राकात दोन-अडीच पेगांइतका मद्यार्क सहज असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी जे घेणारच, त्यांनी आधी जेवावे, पाणी प्यावे आणि डोके दुखले म्हणून वर पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा मारा करू नये. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांना तारली-बांगडा आणि मद्य ही जोडी पायाच्या अंगठ्यात रात्री दोन वाजता उठवून दाखवते.

बिनलेबलची बाटली ही गोष्ट मात्र वेगळी. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने घेतलेले बळी सर्वांना आठवत असतील. मालवणीत तर शंभरावर माणसे गेली. भेसळीचे मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. हा परिणाम बारा ते चोवीस तासांनी दिसतो, तोवर माणूस नुसता "उतरत नाही" असेच वाटते. धुके दिसू लागणे, पोटात कळा, जोराचा श्वास ही खूण. काडी लावून निळी ज्योत आली की माल अस्सल, ही कसोटी फसवी आहे. मिथेनॉलही निळेच जळते.

शिंपल्यांबद्दल थोडे. तिसऱ्या, कालवे, शिणाणे पाणी गाळून खातात तेव्हा पाण्यातले विषही साठवतात. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाण्यांच्या जातीचे शिंपले खाऊन सात जण दगावले व पाचशेहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. समुद्राचे पाणी अचानक लाल-तपकिरी झाले असेल तर काही दिवस शिंपले खाऊ नयेत. हे विषही शिजवून जात नाही. यकृत बिघडलेल्यांनी, म्हणजे वर्षानुवर्षे दारू घेतलेल्यांनी, कच्ची कालवे अजिबात खाऊ नयेत. त्यांतल्या एका जंतूने अशा माणसाच्या रक्तात विषबाधा होऊन दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो.

मोरीचे मटण बाळंतिणीला दुधासाठी देण्याची चाल आहे. दूध वाढते ते पुरेसे खाल्ल्यापिल्याने. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि तो वाढत्या मेंदूला घातक असतो. त्यामुळे गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मोठ्या मोरीऐवजी लहान, ताजी मासळी द्यावी. आमच्या आजीला हे पटले नसते.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर काय करावे, असे पत्र मागच्या आठवड्यात देवगडहून आले आहे. वर सांगितलेल्या विषांच्या उलट हे विष उष्णतेने मोडते. जखम धुवून, हाताला सोसेल इतक्या कढत पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, पाणी निवले की बदलावे. दुखणाऱ्या पायाला तापमान नीट कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्याने पाहावे. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, किंवा घाव छाती-पोटावर असेल, तर तो उपटू नका. १०८ ला फोन करा. साधी जखम असली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी घ्यावे.