जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील देवराया

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील देवराया या पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगत असलेल्या गावांनी ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या वनराया आहेत. कोणत्याही लेखी कायद्याविना, केवळ गावाच्या सामूहिक नियमावर टिकून राहिलेली सार्वजनिक हरित जागा, असे त्यांचे स्वरूप आहे. आंबेगाव तालुक्यातील आहुपे आणि जुन्नर तालुक्यातील दुर्गवाडी येथील देवराया विशेष प्रसिद्ध आहेत.

नाव

‘राई’ म्हणजे झाडांची दाट गर्दी. देवाच्या मालकीची मानलेली राई ती देवराई. कोकणात अशाच वनाला ‘देवरहाटी’ म्हणतात. कर्नाटकातील कोडगू भागात ‘देवरकाडू’, केरळात ‘कावू’ आणि राजस्थानात ‘ओरण’ ही तत्सम जागांची नावे आहेत. मेघालयातील मॉफलांग येथील खासी समाजाने राखलेले वनही याच परंपरेतील आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग मोकळा आणि बागायती आहे. पश्चिम भाग डोंगराळ व अतिपावसाचा आहे. नाणेघाट, आहुपे घाट यांसारख्या जुन्या वाटा येथूनच कोकणात उतरतात. कुकडी, मीना व घोड या नद्या याच पट्ट्यात उगम पावून पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेकडील गावांत प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. उतारावरील भातशेती, नाचणी, वरई आणि हिरड्याचे संकलन ही उपजीविकेची पारंपरिक साधने होत. हिरड्याचे कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, वाळवून विकला जातो व अनेक कुटुंबांना त्यातून रोख पैसा मिळतो. अशा प्रकारे जंगलावर अवलंबून असलेल्या समाजानेच जंगलाचा काही भाग वापरातून पूर्णपणे वगळला, हे देवराईचे वैशिष्ट्य आहे.

नियम व व्यवस्था

देवराईत सहसा वाघोबा, भैरवनाथ, वरसूबाई, कळमजाई यांसारख्या देवतांचे ठाणे असते. दुर्गवाडीची राई दुर्गादेवीची मानली जाते. मूळ ठाणे पुष्कळदा उघड्यावरील शेंदूर लावलेल्या तांदळ्याचे किंवा लहानशा दगडी चौथऱ्याचे असते. गावागणिक नियमांत फरक असला, तरी त्यांचा गाभा समान आहे. राईतील झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि शिकार करायची नाही. काही ठिकाणी वाळलेली फांदी किंवा गळून पडलेले फळही घरी नेले जात नाही. देवळाच्या दुरुस्तीसारख्या सामाईक कामासाठी लाकूड लागलेच, तर देवाला कौल लावून व गावकीची संमती घेऊन ते घेण्याची प्रथा आढळते.

या नियमांमागे देवाच्या कोपाची भीती असली, तरी प्रत्यक्ष राखण माणसेच करत आली आहेत. राई कोणा एका घराची नसल्यामुळे ती तोडणे हा साऱ्या गावाचा अपराध ठरतो आणि प्रत्येक गावकरी तिचा राखणदार असतो.

सार्वजनिक जागा म्हणून उपयोग

देवराईचा अंतर्भाग शांत व अस्पर्श ठेवला जात असला, तरी देवाच्या ठाण्यापुढील मोकळे आवार गावाच्या वापराचे असते. जत्रा, उत्सव, पेरणीपूर्वीची व सुगीनंतरची पूजा आणि गावकीची बैठक अशा प्रसंगी गाव येथे एकत्र जमते. रानातून परतणारे गुराखी, वाटसरू आणि खेळणारी मुले यांनाही हीच सावली लाभते. शहरात उद्यान, क्रीडांगण आणि सभागृह या तीन वेगळ्या जागा असतात. डोंगरी गावात त्यांचे बरेचसे काम राईच्या काठावरील हे आवार करते.

नागरी भागातही रहिवाशांनी मिळून सार्वजनिक जागा घडवल्याची उदाहरणे आहेत. व्हिएतनाममधील हनोई येथे २०१४ पासून ‘थिंक प्लेग्राउंड्स’ हा गट स्थानिक रहिवाशांच्या सहभागाने, टायर व लाकूड यांसारख्या पुनर्वापराच्या साहित्यातून मुलांसाठी क्रीडांगणे उभारत आहे. दोन्हींचा पाया सामूहिक जबाबदारीचा असला, तरी त्यांत एक मूलभूत फरक आहे. क्रीडांगण मोडले तर थोड्या दिवसांत पुन्हा बांधता येते. तुटलेली राई पुन्हा उभी राहण्यास अनेक पिढ्या जाव्या लागतात.

जैवविविधता व जलसंधारण

या परिसरातील सदाहरित व निमसदाहरित वनांत अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, उंबर इत्यादी वृक्ष आढळतात. जुन्या रायांत गारंबीसारख्या महावेली दिसतात. अशा वेलींना वाढण्यासाठी दीर्घकाळ न तुटलेले वन लागते, म्हणून त्या राईच्या वयाची खूण मानल्या जातात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू या पट्ट्यात आढळतो. त्याला झाडावरून झाडावर जाण्यासाठी फांद्यांचे सलग छत आवश्यक असते. पावसाळ्यात कुजणाऱ्या लाकडावर अंधारात प्रकाशणारी बुरशीही भीमाशंकर परिसरात पाहावयास मिळते.

पालापाचोळ्याचा जाड थर पावसाचे पाणी शोषून घेतो व ते हळूहळू जमिनीत मुरते. त्यामुळे राईलगतचे झरे पावसाळ्यानंतरही काही काळ वाहतात. झाडांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर सह्याद्रीच्या उतारांवरील भूमिवापराचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

अभ्यास

महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. पश्चिम घाटातील देवरायांविषयीचा त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. धार्मिक श्रद्धेने राखलेली ही वने मूळ वनस्पतिसृष्टीचे अवशेष आहेत, याकडे या अभ्यासाने लक्ष वेधले.

कायदेशीर स्थिती

भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. अभयारण्याबाहेरील राया वनखात्याच्या, महसुली किंवा खासगी जमिनीवर असू शकतात. त्यामुळे गाव जिला आपली मानते, ती राई कागदोपत्री गावाच्या नावावर असेलच असे नाही.

वनहक्क कायदा, २००६ याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आणि सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा जपण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये एखादी जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांबर्डे येथील देवराईला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची पाहणी व नोंद करण्याचे आदेश दिले आणि देशभरातील अशा वनांसाठी सर्वंकष धोरण आखण्याची शिफारस केंद्र सरकारला केली.

आव्हाने

रस्ते, पर्यटन आणि जमिनीच्या वाढत्या किमती यांचा ताण देवरायांवर पडतो. पर्यटकांनी टाकलेले प्लास्टिक व दारूच्या बाटल्या, मोठ्या आवाजातील संगीत आणि पायवाटा सोडून केलेली भटकंती यांमुळे अंतर्भागाची शांतता भंगते. रोजगारासाठी तरुण शहरांत गेल्याने नियम सांगणारे व पाळणारे, दोन्ही कमी होतात.

कमी लक्षात येणारा धोका श्रद्धेच्या बदलत्या रूपाचा आहे. उघड्यावरील तांदळ्याच्या जागी सिमेंटचे मोठे मंदिर, सभामंडप, फरशीचे आवार व वाहनतळ उभारताना राईतीलच झाडे तोडली जातात. अशा ठिकाणी देवाचे माहात्म्य वाढते, परंतु त्याची राई आकसते. जुन्या समजुतीनुसार देवाचे घर म्हणजे राईच होती. देऊळ हा तिचा केवळ एक भाग होता. ही समजूत टिकलेल्या गावांत इमारत लहान ठेवून किंवा राईच्या कडेला बांधून झाडे वाचवता येतात. राईची सीमा निश्चित करणे, गावाच्या जैवविविधता नोंदवहीत तिची नोंद करणे, ग्रामसभेच्या ठरावाने जुने नियम लेखी स्वरूपात आणणे आणि शाळकरी मुलांना आपल्या गावच्या राईतील झाडांची ओळख करून देणे, हे संवर्धनाचे व्यवहार्य मार्ग मानले जातात.