घरचं कुत्रं (भाग ६) : डोळ्याखालची सूज

गेल्या आठवड्यात लसींविषयी लिहिलं. त्यानंतर भेटलेल्या दोघा-तिघांनी एकच तक्रार सांगितली : कुत्रं जवळ आलं की तोंडाचा वास येतो. वर हेही म्हणाले, "कुत्र्याचं तोंड आहे, वास येणारच." आमच्याही घरी हीच समजूत होती आणि ती आमच्या मोती या कुत्रीला महागात पडली.

चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या ऐन उन्हाळ्यात मोतीच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून आम्ही हळद लावली. दोन दिवसांनी गाठ फुटून पू वाहू लागला. दुखणं डोळ्याचं नव्हतंच. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा टवका उडाला होता आणि मुळाशी पू साचला होता. त्या दाढेची मुळं बरोबर डोळ्याखाली येतात. दर रविवारी मटणाची नळी तिच्यापुढं हौसेनं आम्हीच टाकत होतो.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. पण सगळ्यात आधी बघायची ती हीच दाढ. लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीची नळी तिच्यासमोरच गालात उघडते. दातांवर रोज चिकट थर बसतो आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होऊ लागतो. तेच पिवळं-तपकिरी कीटण. दर्यापूर-मूर्तिजापूरकडं खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला दोष देतात, पण कीटणातले क्षार मुख्यतः लाळेतलेच असतात. फिल्टरचं पाणी पाजून ते थांबत नाही.

माणसासारखी दात किडण्याची तक्रार कुत्र्यात कमीच. त्याचं नुकसान हिरडीखाली होतं. तिथं जंतू साचतात, हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली की समजावं, सुरुवात झाली. आपल्याकडच्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात. तिथं ही लाली दिसत नाही, म्हणून वास, रक्त आणि एकाच बाजूनं चावणं यांवर नजर ठेवावी लागते.

आता घरचं काम. जुन्या सुती लुगड्याची चिंधी बोटाला गुंडाळा आणि ओली करा. पहिले तीन-चार दिवस फक्त ओठ उचला, बोट दातांवरून एकदा फिरवा, शाबासकी द्या, सोडून द्या. जबडा उघडायची गरज नाही. दातांची बाहेरची बाजू पुसली तरी मोठं काम होतं, आतली बाजू जीभ बरीच स्वच्छ ठेवते. सवय झाली की लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या आणि दात-हिरडीच्या सांध्यावर तिरपा धरून हलकेच गोल फिरवा. हे रोज व्हावं. आठवड्यातून एकदा घासून उपयोग नाही, तोवर कीटण धरलेलं असतं.

पेस्ट कुत्र्यांसाठीचीच आणा. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल ही गोडी असते. तिनं कुत्र्याची रक्तातली साखर एकदम उतरते, यकृतालाही इजा होऊ शकते. पेस्ट नसेल तर नुसतं पाणी चालेल. मीठ, मिश्री, लवंगाचं तेल मात्र नको.

घट्ट झालेलं कीटण चाकूनं किंवा नखानं खरवडू नका. दातावर ओरखडे पडतात आणि हिरडीखालचं तसंच राहतं. ते काम पशुवैद्यक भूल देऊन करतात. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा दवाखाना आहे, आपल्या भागातल्या लोकांनी तिथं चौकशी करावी. पामेरियनसारखी छोटी कुत्री असतील तर लवकर जा. त्यांच्या लहानशा जबड्यात दातांची दाटी होते आणि कधी सातव्या महिन्यानंतरही दुधाचे दात पडत नाहीत.

मटणाची नळी मात्र बंदच करा. शिजलेलं हाड फुटून त्याच्या सळ्या होतात आणि टणक हाडानं दाढ फुटते. चघळायला दिलेल्या वस्तूत आपलं नख रुतत नसेल तर ती दाढेसाठी फार टणक आहे.

लाळ गळणं, घास गिळता न येणं, जबडा लोंबणं ही लक्षणं दाढदुखीत दिसतात, तशी पिसाळलेल्या कुत्र्यातही दिसतात. रेबीजची लस चुकलेली असेल किंवा कुत्रं रस्त्यावरचं असेल, तर तोंडात हात घालू नका. त्याला वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. अशी लाळ जखमेला लागलीच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.