ट्रॉलीचे हिसके आणि त्यांचीं कारणें

नीरेच्या कांठीं वसलेल्या अकलूज गांवीं उसाचा हंगाम सुरू झाला कीं रस्त्यांचें रूपच पालटतें. शंकरनगर, माळीनगर, श्रीपूर येथील कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. बैलगाडी, ट्रॅक्टरमागची एक ट्रॉली, एकीमागें एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, असे सर्व प्रकार तींत दिसतात. शेजारून मोटारीनें जाणाऱ्यास त्यांचा खडखडाट तेवढा ऐकूं येतो. ट्रॅक्टर हांकणाऱ्याला मात्र त्या आवाजांत गाडीचें दुखणें ओळखावें लागतें. गाडी हिसके देऊं लागली म्हणजे बहुधा पिनेवर ठपका येतो. पिन दोषी असतेही. परंतु पुष्कळ वेळां ती दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगत असते.

तो अपराध चुकीच्या जागीं रचलेल्या ओझ्याचा. जुन्या गाडीवानांस हें पक्कें ठाऊक होतें, आणि त्यासाठीं भाषेंत दोन नेमके शब्द आहेत. ओझें मागें फार होऊन जूं वर उचललें जाऊं लागलें कीं गाडी ‘उलाळ’ झाली. ओझें पुढें फार होऊन जूं बैलांच्या मानेवर दाबूं लागलें कीं ती ‘धुरजड’ झाली. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला, तरी हा नियम बदलला नाहीं. फरक एवढाच कीं मान दुखली म्हणजे बैल अडतो. ट्रॅक्टर कुरकुर न करतां पुढें जातो, आणि दोष चढावर किंवा वळणावर उघडा पडतो.

दोन चाकांची ट्रॉली घ्या. तिच्या ओझ्याचा कांहीं भाग दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. हा हूक मागच्या आंसाच्याही मागें असल्यामुळें तेथें भार वाढला कीं तराजूच्या पारड्याप्रमाणें ट्रॅक्टरचें तोंड हलकें होतें. पुढचीं चाकें जमीन नीट धरीत नाहींत, आणि कालव्याच्या पुलाच्या चढावर सुकाणू फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. उलट ट्रॉली उलाळ असली तर दांडी हुकाला वर उचलते. ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें ओल्या रानांत जागच्या जागीं फिरतात, व सडकेवर ट्रॉली शेपटीसारखी हेलकावते. उपाय एकच: मोळ्या अशा रचाव्या कीं भाराचा मध्य ट्रॉलीच्या आंसाच्या किंचित् पुढें पडेल. दांडी उंच जागीं जोडणें हें तर फारच धोक्याचें, कारण मग ओढ लागतांच ट्रॅक्टर मागच्या आंसाभोंवतीं उलटूं पाहतो. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर असतो. तिच्यांत दांडीचे सांधे व पुढचीं चाकें वळविणारी फिरती तबकडी तपासावी.

गाडी निघतांना व ब्रेक लावतांना ठोका बसत असेल, तर मात्र पिन पाहावी. पिन झिजून बारीक होते, दांडीचें भोंक लांबट होतें. मधली मोकळी जागा ओलांडतांना सारें ओझें हातोड्यासारखें आदळतें, आणि प्रत्येक ठोक्यानें ती जागा आणखी वाढते. तेथें मिळेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा ठोकून काम चालविणें म्हणजे संकटास आमंत्रण. योग्य जाडीची पिन, तिला खालून अडकवण, आणि शेजारीं मजबूत सांखळी, हीं तिन्ही हवींत.

पिन ठीक असूनही गाडी उसळत असेल तर टायरांतील हवा पाहावी. ती प्रमाणाबाहेर भरली असतां टायर प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा वर पोंचवितो. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षां अधिक उडते याचेंही नवल नको. मोठ्या ओझ्यासाठीं बनविलेले पाटे हलक्या भारानें वांकतच नाहींत. तेव्हां वेग कमी करणें हाच उपाय.

ही तराजूची अडचण लांब मालट्रकांत निराळ्या युक्तीनें सोडविलेली आहे. १९१४ सालीं डेट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहाऊफ या लोहारानें एका लांकूड-व्यापाऱ्याची नाव नेण्यासाठीं फोर्ड मोटारीमागें जोडण्याची गाडी बनविली. अशा गाड्यांचा प्रसार पुढें फार झाला. आजच्या ट्रकांत ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या पाठीवरील तबकडीवर टेकतो. तिला ‘पांचवें चाक’ म्हणतात. घोडागाडीच्या पुढच्या आंसावरील आडव्या फिरत्या चाकावरून हें नांव आलें. ही तबकडी मागच्या आंसाच्या वर किंवा किंचित् पुढें असते, म्हणून भार ट्रकचें तोंड उचलीत नाहीं. अमेरिकेंत प्रवासाचीं चाकांवरचीं घरें याच रीतीनें ओढतात, आणि घराच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग जोडावर यावा असा तेथें प्रघात आहे. तेथेंही दुखणीं तींच: जबडा सैल झाला कीं ठोके बसतात, वंगण सुकलें कीं वळतांना गाडी अडखळते, आणि ट्रेलर समपातळींत नसला कीं प्रवास खडतर होतो. जोडल्यावर दोन तबकड्यांत फट दिसली तर जोड बसलेलाच नाहीं असें समजावें.

म्हणून तपासण्याचा क्रम असा असावा: सपाट जागीं थांबून चाकांस दगडाचा अडसर लावावा, आधीं ओझें, मग दांडीची उंची, मग टायर, आणि शेवटीं पिन व सांखळी पाहावी. केवळ पिन बदलून ओझें तसेंच ठेविलें तर नवी पिनही थोड्याच दिवसांत झिजते. या तपासणीस फार वेळ लागत नाहीं. ती टाळून वाचविलेला वेळ खेपेच्या मजुरींत भर घालील. पण रात्रीं सुटलेली ट्रॉली मागून येणाऱ्या सायकलवाल्याला किंवा कडेनें चालणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला कोठें गांठील, याचा हिशेब त्या मजुरींतून फिटणारा नसतो.