सेकंडहँड गाडीची बॅटरी रात्रीतून उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

संध्याकाळी गाडी ठीकठाक चालली. सकाळी चावी फिरवली तर नुसता कट्-कट् आवाज. चार जणांनी धक्का मारला, सुरू झाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शहरात असाल तर कोपऱ्यावर बॅटरीवाला सापडतो. पण जिवतीसारख्या ठिकाणी, माणिकगडच्या पहाडावर राहत असाल आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायला घाट उतरून गडचांदूर गाठायचं असेल, तर विषय गंभीर होतो.

अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी घेतात. काही हजार रुपये जातात आणि आठवडाभरात नवीही उतरते, कारण दोष बॅटरीत नव्हताच.

तुमच्या फोनचंच बघा ना. स्क्रीन बंद आहे, तरी रात्रीत ४० टक्के चार्ज गेला, तर तुम्ही लगेच बॅटरी बदलत नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन कोणतं अ‍ॅप बॅकग्राउंडला चालतंय ते बघता. गाडीतही तेच करायचं. फरक इतकाच की इथे सेटिंगचं पान नाही, मल्टिमीटर आहे. साधा मीटर काहीशे रुपयांत मिळतो.

आधी ठरवा, दोषी कोण

गाडी चांगली फिरवून आणा किंवा बॅटरी चार्ज करून घ्या. मग रात्री १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. सकाळी मीटर डीसी व्होल्टवर लावून बॅटरी मोजा. १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसले, टर्मिनल जोडल्यावर गाडी एका झटक्यात सुरू झाली, पण टर्मिनल जोडलेलं ठेवलं की सकाळी बोंब, तर बॅटरी निर्दोष आहे. गाडीतलं काहीतरी रात्रभर वीज खातंय. टर्मिनल काढूनही व्होल्टेज १२ च्या आसपास घसरलं तर बॅटरीच गेली समजा.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उष्णता ही लेड-अ‍ॅसिड बॅटरीची मोठी शत्रू आहे. पाणी उडतं, आतल्या पट्ट्या लवकर झिजतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पाण्याची पातळी बघत चला, आणि भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच.

तिसरा संशयित म्हणजे अल्टरनेटर. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२.५ च्या खालीच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये, बाकीचा शोध थांबवून आधी ते बघा.

आता करंट मोजूया

गाडी बंद, चावी बाहेर, दारं लावलेली. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह टर्मिनल काढा. लाल टोक काढलेल्या केबलला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला. म्हणजे गाडीची सगळी वीज आता मीटरमधून जाणार. दोन चुका हमखास होतात. या सेटिंगवर मीटर बॅटरीच्या दोन खुंटांवर आडवा लावू नका, शॉर्ट सर्किट होतं. आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका. स्टार्टर शंभरहून जास्त अँपिअर ओढतो, मीटर जळेल.

जोडताच आकडा मोठा दिसेल. घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात, अर्धा तास थांबा. नंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. घड्याळ, सेंट्रल लॉक यांना तेवढं लागतंच.

समजा ३०० दिसले. तर २४ तासांत ७.२ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी, म्हणजे स्टार्टरची हवा गुल. तेच ३० मिलिअँपिअर असते तर गाडी दोन आठवडे आरामात उभी राहिली असती.

जुन्या गाडीत काय सापडतं

सेकंडहँड गाडीचा खरा घोळ म्हणजे आधीच्या मालकाने बसवलेल्या वस्तू. अँड्रॉइड स्टीरिओ हा पहिला संशयित. त्याची पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते, लाल वायर चावी फिरवल्यावरच वीज मिळेल अशी हवी. घाईत कुणी दोन्ही एकत्र पिळून दिल्या, की स्टीरिओ रात्रभर जागा. मग डॅशकॅम, रिमोट लॉक, हॉर्नचा रिले. गाडी पूर्वी टॅक्सी असेल किंवा कर्जावर घेतलेली असेल, तर डॅशबोर्डमागे जीपीएस ट्रॅकरही दडलेला असू शकतो.

डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का? फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून फोन डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. ५ वॅटचा बल्ब एका दिवसात १० अँपिअर-अवर खातो!

तरी सापडलं नाही तर एकेक फ्यूज काढत मीटर बघा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, त्याच लाइनवर गडबड आहे. फ्यूज बॉक्स आत असेल तर दार उघडावं लागतं. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंदच वाटेल. नंतर हँडल ओढून कडी सोडा, मगच दार लावा.

कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही? बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या बारीक वायरी हाताने पकडत शेवटपर्यंत जा. बाहेरून बसवलेल्या वस्तू बऱ्याचदा फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट तिथेच जोडलेल्या असतात. त्यातही काही नसेल तर अल्टरनेटरचा डायोड लीक असू शकतो. त्याची जाड वायर सुटी करून आकडा पडतो का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. निगेटिव्ह टर्मिनल काढल्याशिवाय त्या वायरला हात लावायचा नाही.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री निगेटिव्ह काढून ठेवणं चालतं. घड्याळ आणि स्टीरिओचं सेटिंग तेवढं उडेल. उतारावर गाडी लावून धक्क्यावर विसंबू नका. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीला फ्युएल पंपासाठीही वीज लागते; बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर घाटातला उतारही कामाला येत नाही.